डॉर्मर ठीक, पण जिना कुठून नेणार?

घरावर डॉर्मर (उतरत्या छपरातून बाहेर काढलेला उभ्या भिंतींचा भाग) काढल्यापासून लंडनच्या हॅरोतली ओळखीची मंडळी एवढंच विचारतात, "वर किती जागा मिळाली?" जिना कुठून नेलात, हे कुणी विचारत नाही. खरी मारामारी तिथेच होती.

आमचं घर 1930च्या दशकातलं सेमी, म्हणजे एका बाजूची भिंत शेजाऱ्याशी सामायिक असलेलं. पोटमाळ्यावर सुटकेसा, गणपतीचं मखर आणि अंगाला खाज आणणारं पिवळं इन्सुलेशन. आढ्याखाली ताठ उभं राहता यायचं, जरा बाजूला सरकलं की वासा कपाळाला. मागच्या पाख्यावरची कौलं, वासे काढून तिथे उभ्या भिंती आणि सपाट छप्पर केलं की वाकायची जागा वावरायची होते. बाहेरून ठोकळा दिसतो, त्याबद्दल वाद नाही. पण रस्त्याच्या बाजूला काढायचं तर प्लॅनिंगची परवानगी लागते, म्हणून आमची सगळी गल्ली मागूनच फुगलेली. मागच्या बाजूला बहुधा तशी परवानगी लागत नाही, फक्त छपरात वाढवलेल्या जागेला सेमीसाठी एकूण 50 घनमीटरची मर्यादा (रांगेतल्या घराला 40), आढ्याच्या वर जायचं नाही आणि वळचणीपासून निदान 20 सेंटीमीटर आत राहायचं.

आता जिना. डोक्यावर दोन मीटर मोकळे हवेत. माळ्यावर तेवढी उंची मिळतच नसेल तर जिन्याच्या मध्यावर 1.9 आणि कडेला 1.8 चालतात. आर्किटेक्टने पहिल्या नकाशात जिना मुलाच्या छोट्या खोलीतून वर काढला होता. म्हणजे वर एक खोली मिळवायची आणि खालची एक घालवायची! हा आतबट्ट्याचा व्यवहार मला मंजूर नव्हता. मग जुन्या जिन्याच्या बरोबर डोक्यावर नवा जिना घेतला. पण तिथे नेमका बाजूचा उतार आडवा येत होता, म्हणून तो काढून सरळ वरपर्यंत भिंत चढवली. तीही त्याच पन्नासात मोजतात, त्यामुळे मागचं डॉर्मर थोडं आखूड झालं. होऊ दे.

लोखंडी तुळयांची टोकं सामायिक भिंतीत बसणार, म्हणून 1996च्या पार्टी वॉल कायद्याप्रमाणे शेजारच्या गुजराती काकींना दोन महिने आधी लेखी नोटीस दिली. काकींनी चहा पाजून सही केली आणि म्हणाल्या, "हवे मारो वारो!" म्हणजे आता माझी पाळी.

वर राहती खोली झाली की आगीचे नियम बदलतात. जिन्याकडे उघडणारी खोल्यांची दारं आग अडवणारी, आणि प्रत्येक मजल्यावर एकमेकांना जोडलेले अलार्म. स्वयंपाकघरात धुराऐवजी उष्णतेचा अलार्म असतो, पण दार उघडं राहिलं की सुक्या मिरचीची फोडणी पॅसेजमधल्या अलार्मपर्यंत पोचते आणि तिन्ही मजले एकदम कोकलतात. पहिल्यांदा वाजला तेव्हा आईने गॅस बंद केला आणि देवापुढची उदबत्ती बागेत नेऊन कुंडीत खोचली. आता कढईत तेल पडलं की तिची आधी हाक येते, "दार लावा रे!"