क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाची ॲलर्जी: निदान होईपर्यंतचे खेटे

भूल दिल्यावर, शस्त्रक्रिया सुरू होण्याआधीच माझा रक्तदाब कोसळला, अंगभर गांधी उठल्या, श्वासनळ्या आवळल्या. मला यातलं काहीच आठवत नाही. भूलतज्ज्ञांनी ताबडतोब ॲड्रेनलिन दिलं आणि शस्त्रक्रिया पुढे ढकलली. शिवाय तासाभरात ट्रिप्टेज (ॲलर्जीच्या झटक्यात रक्तात वाढणारं प्रथिन) तपासायला रक्त घेतलं, दुसऱ्या दिवशी पुन्हा घेतलं. आधी वाढलेली पातळी नंतर उतरली होती, म्हणजे ही ॲनाफिलॅक्सिसच, जिवावर बेतणारी तीव्र ॲलर्जी, होती.

डिस्चार्ज कार्डावर मात्र ‘अँटिबायोटिकची ॲलर्जी’ असा शेरा आला. संशय तिकडेच जातो. पण शिरेतून दिलेल्या औषधाचा त्रास बहुधा काही मिनिटांत दिसतो. माझा त्रास त्यानंतर बऱ्याच वेळाने, लघवीची नळी घातल्यावर सुरू झाला होता. ॲलर्जीतज्ज्ञ बाईंनी हे कार्ड बाजूला सारलं आणि भुलीचा तक्ता मागितला. तो मिळवायला रेकॉर्ड विभागात खेटे घातले. त्यात प्रत्येक इंजेक्शनची वेळ होती. त्वचा कशाने पुसली, नळीला कुठलं जेल लावलं, याचा मात्र पत्ता नाही. जंतुनाशकाला कुणी औषधात धरतच नाही!

“माउथवॉशने कधी तोंड खाजलं?” बाईंनी विचारलं. खाजलं होतं, ओठही सुजले होते.

त्वचेच्या चाचण्यांसाठी रिॲक्शननंतर साधारण 4 ते 6 आठवडे थांबतात, आणि आधी काही दिवस ॲलर्जीच्या गोळ्या बंद ठेवाव्या लागतात. अँटिबायोटिक, स्नायू शिथिल करणारं औषध, लॅटेक्स यांच्या जागी काही उठलं नाही. क्लोरहेक्सिडिनच्या थेंबाखाली टरारून गांध आली. रक्तातल्या आयजीईने, म्हणजे ॲलर्जीच्या प्रतिपिंडानेही तेच सांगितलं. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने याबद्दल 2017 मध्येच इशारा दिला होता, हे मला तेव्हा कळलं.

खरी कटकट पुढे. हे रसायन त्वचा पुसायच्या द्रावणात असतं, काही माउथवॉश आणि जेलमध्ये, जखमेच्या पट्ट्यांत, अगदी काही सेंट्रल लाइनच्या (मोठ्या शिरेत घालायच्या) नळ्यांवरच्या लेपातही. रक्त घेताना “नुसतं स्पिरिट आहे हो” असं ऐकलं, तरी मी पाकीट उलटून वाचायला मागते. एकदा त्यावर क्लोरहेक्सिडिन निघालंही.

राहिलेली शस्त्रक्रिया पोव्हिडोन आयोडीन हे दुसरं जंतुनाशक वापरून झाली. त्याआधी भूलतज्ज्ञांनी जेल आणि नळ्यांची पाकिटं स्वतः तपासली, आणि केस पेपरवरचा अँटिबायोटिकचा जुना शेरा खोडून खरं नाव लिहिलं.