तेरावी बाई

सोमवार, रात्रीचे साडेअकरा

आमच्या भिशीत बारा बायका. महिन्याला प्रत्येकीचे २,०००, म्हणजे जिच्या नावाची चिठ्ठी निघेल तिला २४,०००. हा हिशोब मी सहा वर्षं वहीत मांडतेय, एकदाही चुकलेला नाही. आज तोच कॉम्प्युटरच्या सी भाषेत मांडला आणि उत्तर आलं ५४,७६५.

लेक इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे, तिला सी आहे. तिच्याबरोबर आपणही शिकावं हे खूळ माझंच. फोर्टात अकाउंट्समध्ये बसते, एक्सेल हातात बसलेलं, तेव्हा आकड्यांचं काय घाबरायचं, असा जरा माज होता.

ॲरे तसा चटकन कळला. बारा जणींसाठी बारा नावं ठेवत बसायचं नाही. एकच नाव, हप्ता, आणि पुढे चौकोनी कंसात नंबर. महिरपी कंसात बारा वेळा २००० लिहिलं, एक ते बारा लूप फिरवला, म्हणजे तीच ओळ नंबर बदलत पुन्हा पुन्हा चालवली, बेरीज छापली. ५४,७६५. परत चालवला तर ५४,७६४. मी मधे कशालाही हात लावला नव्हता! वहीत एक रुपया कमी पडला तर मी रात्रभर शोधत बसते, आणि हा बसल्या जागी एक रुपया खातो? लेक झोपली होती. उठवली नाही, उद्या तिचा जर्नल सबमिशनचा दिवस.

मंगळवार

पावसाने आज उपकार केले. विक्रोळीहून स्लो पकडली, खिडकी मिळाली, आणि कुर्ला सोडल्यावर शीवच्या अलीकडे गाडी जी उभी राहिली ती चांगली पस्तीस मिनिटं. लेक म्हणते, कळत नसेल तर कागदावर ड्राय रन कर, म्हणजे प्रोग्राम ओळीओळीने हाताने चालवून बघ. पर्समधल्या लाइट बिलाच्या पाठीवर बारा चौकटी काढल्या. शेजारच्या ताईंनी विचारलंसुद्धा, "शब्दकोडं का?"

चौकटींना नंबर द्यायला लागले तेव्हा आठवलं की सी शून्यापासून मोजते. म्हणजे बारा चौकटींचे नंबर शून्य ते अकरा. मी लूप एकपासून सुरू केला, तिथेच पहिल्या चौकटीतल्या तळमजल्यावरच्या काकू सुटल्या. आणि बारापर्यंत नेला, तर बारा नंबरची चौकट मुळात नाहीच. अकरा जणींचे झाले २२,०००. ५४,७६५ मधून ते वजा केले, उरले ३२,७६५. आमच्या भिशीत नसलेल्या कुणा तेराव्या बाईचा हा हप्ता!

सी तिला अडवत नाही, याचंच मला नवल वाटलं. बाई, तुम्ही कोण, असं विचारतसुद्धा नाही. ॲरे संपल्यावर मेमरीत पुढे जे काही पडलेलं असेल ते उचलते आणि बेरजेत घालते. दर वेळी तिथे तेच पडलेलं असेल असंही नाही, म्हणून तो एक रुपयाचा फरक. याला गार्बेज व्हॅल्यू म्हणतात. आमच्या ऑफिसात असं व्हाउचर पास केलं तर ऑडिटर कच्चा खाईल.

शून्याचं मात्र पटलं. आम्ही कन्नमवार नगरात जुन्या म्हाडाच्या इमारतीत वाढलो, तळ अधिक तीन. पहिला मजला म्हणजे एक जिना चढून. तळमजल्यावर जायला जिना किती चढायचा? शून्य. ॲरेचं नाव म्हणजे इमारतीचा पत्ता, आणि कंसातला आकडा म्हणजे तिथून किती घरं पुढे जायचं ते. आमच्या लॅपटॉपवर एक इंटिजर, म्हणजे पूर्णांक, मेमरीत चार बाइट जागा घेतो, म्हणून नंबर तीनच्या घराला जायचं तर बारा बाइट पुढे. डेनिस रिची यांनी बेल लॅब्समध्ये १९७२ च्या सुमारास ही भाषा घडवली, म्हणजे माझ्याहून सहाएक वर्षांनी थोरलीच. थोरल्यांचं ऐकून घ्यावं लागतं.

गुरुवार

बेरीज दुरुस्त झाली. आता फंक्शन. बेरजेचा तुकडा वेगळा काढून त्याला नाव दिलं की हवा तेव्हा बोलवायचा. बारा हा आकडा हाताने लिहायला नको म्हणून लेकीने युक्ती दिली होती: साइझऑफने (हे जागा मोजून देतं) अख्ख्या ॲरेचे बाइट काढ, एका घराच्या बाइटने भाग. ४८ भागिले ४, बारा. छान. तीच ओळ मी शहाणपणाने फंक्शनच्या आत नेली आणि बेरीज आली ४,०००. बाराच्या दोनच बायका उरल्या!

कंपायलरने, म्हणजे माझं सी मशीनच्या भाषेत उतरवणाऱ्या प्रोग्रामने, रंगीत अक्षरात वॉर्निंग दिली होती. मी वाचली नाही. प्रोग्राम चालतोय ना, मग कशाला.

"आई, फंक्शनला ॲरे जातच नाही," लेक म्हणाली. "नुसता पत्ता जातो. पत्ता आठ बाइटचा. आठ भागिले चार किती?"

मग किती जणी आहेत ते वेगळं सांगायचं, दुसरा आर्ग्युमेंट म्हणून, म्हणजे फंक्शनला बोलावताना कंसात द्यायची दुसरी गोष्ट. पत्त्यावरून इमारतीत किती बिऱ्हाडं आहेत ते कसं कळणार?

याच पत्त्याने रात्री आणखी एक घोळ केला. उशिरा पैसे देणारीला ५० रुपये दंड. दंडाचं फंक्शन लिहिलं, नुसतं स्क्रीनवर दाखवायला. दोनदा बोलावलं तर समोरच्या वहिनींच्या नावावर २,१०० चढले, मूळ ॲरेतच. उलट शिल्लक नावाचा साधा एकटा आकडा दुसऱ्या फंक्शनला दिला, आत त्यात भर घातली, बाहेर येऊन बघते तर होता तसाच. एकटा आकडा दिला की त्याची झेरॉक्स जाते, झेरॉक्सवर काहीही खरडा. ॲरे दिला की पत्ता जातो, आणि तिथे पोचलेला माणूस घरातलं सामान हलवू शकतो. वहिनी वेळेवर देणाऱ्या आहेत, खरं तर दंड त्यांना लागायलाच नको होता. तो माझा इफमधला, म्हणजे 'उशीर झाला असेल तरच' या अटीतला, वेगळाच गाढवपणा.

शनिवार

चिठ्ठी निघाली. यंदा यादी वहीतून न वाचता प्रिंट काढून नेली. बेरीज २४,०००, वहीशी ताळा जमला (वही बरोबर होतीच, पिशवीत). सगळ्यांनी कौतुक केलं. तळमजल्यावरच्या काकूंनी चष्मा लावून कागद नीट पाहिला आणि म्हणाल्या, "माझ्या नावापुढे शून्य का गं? मी काय पैसे दिले नाहीत?"

घरी आल्या आल्या छापायच्या ओळीत आय, म्हणजे चौकटीचा नंबर, त्याच्या जागी आय अधिक एक केलं. पुढच्या महिन्यापासून काकू पहिल्या. आत मात्र त्या अजून शून्यावरच आहेत, ते काही त्यांना सांगितलेलं नाही.