नाशिकच्या खटल्यातल्या सहा जणांची फाशी

पुण्यात ज्यांचे बालपण गेले, त्यांना ‘जोशी-अभ्यंकर’ म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. जानेवारी १९७६ ते मार्च १९७७ या काळात शहरात दहा खून झाले आणि ते करणारे तरुण एका कला महाविद्यालयाचे विद्यार्थी निघाले. मी तेव्हा पाच वर्षांची होते. तिन्हीसांजेला दाराची कडी लागली की बाहेरून ओळखीचा आवाज आल्याशिवाय ती काढायची नाही, हा आईने त्या दिवसांत घातलेला नियम आमच्या घरात पुढे कितीतरी वर्षे टिकून राहिला. २७ नोव्हेंबर १९८३ रोजी त्यांपैकी चौघांना येरवड्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आली, तेव्हा घरात कोणालाही वाईट वाटले नाही, आणि त्याबद्दल मी आजही घरच्यांना दोष देत नाही.

फाशीच्या बाजूने जे बोलले जाते, त्यातले सर्वांत बळकट म्हणणे मला त्या कडीच्या आवाजात ऐकू येते. घरात शिरून निरपराध माणसांचे गळे आवळणाऱ्याला समाजाने जन्मभर पोसावे का, शिक्षा गुन्ह्याच्या तोलाची नको का, आणि ज्यांची माणसे गेली त्यांना न्याय झाला असे वाटले नाही तर त्यांनी कायद्यावर विश्वास तरी कशाच्या बळावर ठेवायचा, हे प्रश्न खरे आहेत. त्यांना सूडबुद्धी म्हणून झटकून टाकणे हा त्या माणसांवर दुसरा अन्याय होय. तरीही माझे मत बदलले, आणि त्याला कारण झाला सर्वोच्च न्यायालयाचा ५ मार्च २०१९ चा एक निकाल.

जून २००३ मध्ये नाशिक जिल्ह्यात पेरूच्या बागेतल्या एका झोपडीवर रात्री दरोडा पडला. कुटुंबातल्या पाच जणांचा जीव गेला, त्यांत एका लहान मुलीवर अत्याचारही झाला. वाचले ते आई आणि तिचा एक मुलगा. भटक्या जमातीतल्या सहा जणांना अटक झाली. २००६ मध्ये सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली, २००७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम ठेवून तिघांना जन्मठेप दिली, आणि एप्रिल २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या उरलेल्या तिघांनाही पुन्हा फाशीच दिली. पुढे पुनर्विलोकन याचिकेवर तो निकाल मागे घेण्यात आला, अपिले नव्याने ऐकली गेली, आणि त्याच पुराव्यावर त्याच न्यायालयाने २०१९ मध्ये सहाही जणांची निर्दोष मुक्तता केली. तोवर तुरुंगातच त्यांची सोळा वर्षे गेली होती, त्यातली बरीच फाशीच्या सावटाखाली. त्यांच्यातला एक जण तर गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता, ही गोष्टही फार उशिरा उजेडात आली. राज्य सरकारने प्रत्येकाला पाच लाख रुपये द्यावेत, असा आदेश झाला.

वरच्या न्यायालयात चूक सुधारली, म्हणजे व्यवस्था चालते, असे मला काही स्नेह्यांनी सांगितले. मला मात्र २००९ सालाचीच भीती वाटते, कारण त्या वर्षीच्या खंडपीठालाही कसलीच शंका नव्हती. उलट जन्मठेप अपुरी आहे, इतकी त्याची खात्री होती. दयेचे अर्ज तत्परतेने निकालात निघाले असते, तर २०१९ चे निकालपत्र वाचायला त्यांतला कोणीही हयात नसता.

१९५५ पर्यंत खुनासाठी फाशीऐवजी जन्मठेप द्यायची असेल, तर न्यायाधीशाला तसे करण्याचे कारण नोंदवावे लागे. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने ते उलटे केले आणि फाशीसाठी विशेष कारणे मागितली. १९८० च्या बच्चनसिंग खटल्यात पाचपैकी चार न्यायमूर्तींनी ‘दुर्मिळातल्या दुर्मिळ’ प्रकरणातच फाशी, हा दंडक घातला. एकट्या न्यायमूर्ती भगवतींनी विरोधी मत दिले, आणि आरोपी जगणार की मरणार हे खटला कोणत्या खंडपीठापुढे जातो यावर ठरते, हा त्यांचा आक्षेप होता. पुढे २००९ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले की, केवळ गुन्हा पाहून आणि गुन्हेगाराची परिस्थिती न पाहता दिलेला आपला एक जुना निकाल बच्चनसिंग दंडकाशी विसंगत होता, आणि नंतरचे अनेक निकाल त्याच्याच आधाराने दिले गेले. २०१२ मध्ये चौदा निवृत्त न्यायाधीशांनी राष्ट्रपतींना पत्रे लिहून अशा चुकीच्या शिक्षांकडे लक्ष वेधले, तेव्हा राजस्थानातले दोघे आधीच फासावर गेलेले होते.

जरबेबद्दल मी फार लिहीत नाही. जन्मठेपेपेक्षा फाशीची जरब अधिक बसते याला पुरावा नाही, असे विधी आयोगाने २०१५ च्या २६२ व्या अहवालात म्हटले आहे, आणि दहशतवाद व देशाविरुद्धचे युद्ध वगळता फाशी रद्द करण्याची शिफारस केली आहे. ‘जन्मठेप म्हणजे चौदा वर्षांत मोकळा’ या समजुतीचे निरसन मात्र व्हायला हवे. चौदा वर्षे ही अशा खटल्यांत सुटकेचा विचार होण्याआधीची किमान मुदत आहे, आणि कोणतीही सूट न देता २५, ३० वर्षे किंवा मरेपर्यंत कैद देता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये आणि पुढे २०१५ मध्ये घटनापीठानेही मान्य केले आहे. पुण्यातल्या २००७ च्या एका बलात्कार-खून प्रकरणात फाशीच्या अंमलबजावणीला अवाजवी विलंब झाल्यामुळे मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये दोघांना ३५ वर्षांची कैद दिली. ती शिक्षा पहिल्याच दिवशी झाली असती, तर त्या मुलीच्या घरच्यांना आज फाशी, उद्या स्थगिती, परवा पुन्हा तारीख, हे सोसावे लागले नसते.

कसाबचे काय, हा प्रश्न मला दर वेळी विचारला जातो, आणि तो टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. त्याच्या अपराधाबद्दल शंका नव्हती, त्यामुळे चुकीच्या भीतीचा माझा मुद्दा त्याला लागू पडत नाही. परंतु खुनाच्या ज्या कलमाखाली त्यालाही फाशी झाली, तेच कलम नाशिकच्या त्या सहा जणांना लावले होते. ‘नक्की दोषी असलेल्यांसाठी’ असा निराळा कायदा लिहिता येत नाही, कारण प्रत्येक निकालात आरोपी नक्की दोषीच ठरलेला असतो. ३ जून १९४९ रोजी संविधान सभेत फाशीविरुद्धच्या अपिलाची चर्चा चालली असताना डॉ. आंबेडकरांनी त्यापेक्षा ही शिक्षाच रद्द करणे आपल्याला अधिक पसंत आहे असे सांगितले होते. ते मी मत बदलण्याआधी ऐकले असते तर, आईची कडी आठवून, मला पटले नसते.

नाशिकच्या निकालपत्रातली एक नोंद मी अजून सांगितलेली नाही. जी बाई त्या रात्री वाचली, तिने घटनेनंतर दोन-तीन दिवसांतच पोलिसांकडच्या छायाचित्रांतून चार माणसे ओळखली होती. ती चार माणसे या सहा जणांतली नव्हती. त्या चौघांचा तपास झालाच नाही, असे न्यायालयाने स्पष्ट लिहिले आहे. सोळा वर्षे सगळा महाराष्ट्र तिला न्याय मिळाला असे मानत होता, आणि तिने बोट दाखवलेल्या माणसांच्या दारापर्यंत कोणी गेलेही नव्हते.