आधी गाणे निवडा

मे महिन्यातल्या जळगावच्या दुपारी घराबाहेर पडणे हा अविचार समजला जातो आणि घरात राहून काही उद्योग करणे हा त्याहून मोठा. कूलरमध्ये पाणी भरून झाले, पडदे ओढून झाले, की ज्याने त्याने आपापली सतरंजी गाठायची. अशाच एका दुपारी पुण्याहून सुट्टीला आलेला माझा भाचा भिंतीला टेकून, मांडीवर लॅपटॉप घेऊन बसला होता आणि त्यातून गाण्यांचे तुकडे ऐकू येत होते. एखादी ओळ सुरू व्हायची, ती कानाला जरा ओळखीची वाटू लागण्याच्या आत तुटायची आणि लगेच दुसऱ्याच कुठल्या तरी भाषेतली, दुसऱ्याच लयीतली ओळ लागायची. झोपाळ्यावर आडवी झालेली माझी आई शेवटी डोळे न उघडताच म्हणाली, "नुसतं बोट फिरावस रे भो, गानं कव्हय लावशी?"

तो गेम खेळत होता. म्हणजे खेळण्याच्या आधीचे जे असते, ते करत होता. ओसू नावाचा हा गेम ऑस्ट्रेलियातल्या डीन हर्बर्टने २००७ मध्ये काढला. तो फुकट मिळतो आणि त्याचे चार प्रकार आहेत. भाच्याचा आवडता प्रकार जपानी ढोलाचा. गाणे वाजू लागले की पडद्यावर गोल सरकत येतात. तांबडा गोल म्हणजे ढोलाच्या मध्यावर थाप आणि निळा गोल म्हणजे कडेवर. ढोल अर्थातच नसतो, कीबोर्डवरच्या चार कळा असतात. पण हे सगळे नंतर. आधी गाणे निवडायचे, आणि तेथेच हा मुलगा अर्धी दुपार घालवत होता.

मी चष्मा लावून त्याच्या शेजारी जाऊन बसले, कारण कोणतीही यादी समोर असली की ती पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून काढल्याशिवाय मला राहवत नाही. लग्नातल्या आहेराची असो किंवा किराणा दुकानातली दरपत्रकाची असो. ही यादी तर फारच देखणी होती. पडद्याच्या उजव्या कडेला गाण्यांच्या पट्ट्या एकाखाली एक रचलेल्या. ज्या पट्टीवर बोट थांबेल ती थोडी पुढे सरकते, मागचे चित्र बदलते आणि गाण्यातला निवडक तुकडा वाजू लागतो. वरच्या कोपऱ्यात गाण्याची लांबी, मिनिटाला पडणारे ठोके आणि गाणे हाताला किती जड जाईल ते सांगणारे तारे. तारेही सरळ चार किंवा पाच नसतात, ४.८३ असे दशांशात असतात. हे सगळे नावाने लावता येते, कलाकाराप्रमाणे लावता येते, वेगाप्रमाणे, लांबीप्रमाणे, ताऱ्यांप्रमाणे. आणि ज्याला निवडीचा कंटाळा असेल त्याच्यासाठी एक कळ अशीही आहे, की ती दाबली की गेम स्वतःच कोणते तरी गाणे समोर टाकतो. ही कळ मला मुळीच पसंत नाही. एवढी यादी कोणी जमवायची आणि मग डोळे मिटून हात घालायचा, याला काय अर्थ आहे?

त्या वाजणाऱ्या तुकड्याबद्दलही माझे एक मत आहे. तो तुकडा नेहमी गाण्याच्या सर्वांत गोड जागेचा असतो. त्यावर भुलून गाणे लावावे आणि मग पुढची तीन मिनिटे नुसती ठोकाठोक करत राहावे, असे भाच्याचे कितीदा तरी झाले. मुलगी दाखवताना फक्त पोहे खायला घालणारी ही रीत आहे. माझ्या हातात असते तर मी गाण्यातली सर्वांत कंटाळवाणी जागा ऐकवली असती; ती ज्याला चालेल त्याने पुढे जावे.

थोडा वेळ पाहिल्यावर लक्षात आले, की हा मुलगा कानाने निवडतच नाही. तोंडाने म्हणत होता, "आत्या, हे नको, ह्याचा शेवट वाईट आहे. ते पाच पॉइंट दोनवालं लावू का?" पाच पॉइंट दोनवाले गाणे कोणाचे आहे, कोणी गायले आहे, त्यात काय म्हटले आहे, हे त्याला ठाऊक नव्हते आणि त्याची फिकीरही नव्हती. त्या गाण्यात डाव्या हाताला एक मोठी लगड, म्हणजे लागोपाठ येणाऱ्या थापांची रांग, आहे आणि ती अजून एकदाही अखंड गेलेली नाही, एवढे मात्र पक्के ठाऊक होते. जे गाणे ऐकायला त्याला मुळीच आवडत नाही, तेच गाणे तो पुन्हा पुन्हा लावतो, कारण ते हातात छान बसते. आणि जे गाणे तो आंघोळीच्या वेळी गुणगुणतो, ते या यादीत आहे पण त्याला तो शिवत नाही. "ते खेळायला बेकार आहे," तो म्हणाला. मला हे वाक्य फार आवडले.

आमच्या लहानपणी अमळनेरला स्टेशनच्या रस्त्यावर कॅसेट भरून देणारे एक दुकान होते. "गाणी भरून मिळतील" अशी पाटी, आत दोन टेपडेक, मागच्या फळ्यांवर रेकॉर्डींचे गठ्ठे आणि उदबत्तीचा वास. वडील शाळेच्या वहीचा कागद फाडून त्यावर आपल्या आवडीच्या गाण्यांची यादी करत. त्यासाठी आधी घरात दोन-तीन संध्याकाळी वाद होत, आईची भजने किती आणि काकांची सिनेमाची किती, यावर ताणाताणी होई, आणि शेवटी ती यादी घेऊन मी वडिलांबरोबर दुकानात जाई. दुकानदार दादा कागदाकडे एक नजर टाकत आणि कानामागची पेन्सिल काढून प्रत्येक गाण्यापुढे मिनिटे लिहू लागत. कोरी कॅसेट ६० मिनिटांची किंवा ९० मिनिटांची. म्हणजे एका बाजूला तीस, नाहीतर पंचेचाळीस. जुनी गाणी बहुतेक तीन-सव्वातीन मिनिटांची असत, कारण मिनिटाला ७८ फेऱ्या घेणाऱ्या जुन्या तव्याच्या, म्हणजे रेकॉर्डच्या, एका बाजूवर साधारण तेवढेच मावत असे. दादा बेरीज करत, एखादे गाणे खोडत, एखादे दुसऱ्या बाजूला ढकलत. वडिलांचे सर्वांत लाडके गाणे साडेसहा मिनिटांचे होते आणि ते प्रत्येक वेळी खोडले जाई. मग शेवटी बाजूच्या टोकाला अडीच मिनिटे उरत, तेव्हा दादा मान वर करून विचारत, "अडीच मिनिटांचं काहीतरी देऊ का टाकून?"

ते टाकलेले गाणे आमच्यापैकी कोणीही मागितलेले नव्हते. पण आज त्या कॅसेटवरचे जे गाणे मला अक्षरन् अक्षर पाठ आहे, ते तेच. कुठे कानावर पडले तर त्याची शेवटची ओळ संपल्यावर टेपची कळ खट्कन वर उडाल्याचा आवाज येईल म्हणून मी अजूनही क्षणभर थांबते.

तेव्हा यादी ही आवडीने तयार होते, यावर माझा विश्वास लहानपणीच उडाला. गेममधल्या याद्यांची गोष्टही वेगळी नाही. २००५ मध्ये गिटार हिरो नावाचा पहिला गेम निघाला तेव्हा त्यातली बहुतेक प्रसिद्ध गाणी मुळातली नव्हतीच. मूळ ध्वनिमुद्रणाऐवजी दुसऱ्या वादक-गायकांकडून ती हुबेहूब करून घेतली होती आणि पडद्यावर "अमुक अमुक यांनी गाजवलेले" अशा अर्थाची ओळ येत असे. आपल्याकडच्या कव्हर व्हर्जनच्या कॅसेटी ज्यांनी घेतल्या आहेत, त्यांना ही ओळ वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही. नामको या जपानी कंपनीच्या २००१ मधल्या ढोलाच्या गेममध्ये जपानी सिनेमांच्या आणि कार्टूनच्या गाण्यांच्या रांगेत युरोपातले शास्त्रीय संगीतही आहे. ढोलावर ते गमतीदार वाटते हे खरेच, पण बीथोव्हेनच्या रचनेवर आता कोणाचा हक्क उरलेला नाही, हेही काही कमी सोयीचे नाही. कोनामी या दुसऱ्या जपानी कंपनीच्या १९९८ मधल्या नाचाच्या यंत्रात पायाने बाण तुडवायचे असत. तेथे गाणे कापून दीड मिनिटाच्या आसपास आणलेले असे आणि निवडायला घड्याळ लावलेले असे. मुदत संपली की ज्या गाण्यावर आपण अडखळलो असू तेच सुरू. त्या यंत्रातल्या एका गाण्यापुढे कलाकार म्हणून चक्क "१८०" असा आकडा होता. संगीतकार नाओकी माएदा कंपनीतलाच, त्याची गाणीही घरचीच. मग गाण्यांना त्याने वेगवेगळी नावे घेतली, आणि मिनिटाला १८० ठोक्यांच्या गाण्यावर त्याने वेगाचाच आकडा सही म्हणून टाकला.

यादी उलटी जाण्याचेही प्रकार होतात. २०१५ मधल्या गिटार हिरो लाइव्हमध्ये शेकडो गाणी इंटरनेटवरून येत. डिसेंबर २०१८ मध्ये ती सेवा बंद झाली आणि लोकांच्या हाती डिस्कवरची ४२ गाणी राहिली. कॅसेट निदान कोणी परत मागायला येत नसे.

भाच्याच्या यादीचे मात्र तसे नाही. ओसूमधली गाणी खेळणाऱ्यांनीच बसवलेली असतात, म्हणजे कोणत्या ठोक्याला कोणता गोल यायचा हे कोणीतरी घरी बसून ठरवलेले असते, आणि आपल्याला हवी ती आपण उतरवून घ्यायची. ही सगळी यादी त्याने स्वतः जमवलेली होती. तीत जपानी होती, कोरियन होती, इंग्रजी होती. मराठी एकही नव्हते. मी काही बोलले नाही, पण त्याने माझ्याकडे पाहिले आणि म्हणाला, "तू सांग, बसवून बघतो."

पहिल्यांदा अर्थातच लग्नसराईतले गाणे आले. आमच्याकडच्या वरातीत हल्ली जी अहिराणी गाणी वाजतात, ती या कामासाठीच जन्मली असावीत: ठोके यंत्रावर भरलेले, पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच वेग, आणि दर दोन ओळींनंतर वाद्यांचा असा तुकडा की बसलेला नवरदेवसुद्धा खांदे उडवू लागतो. वेगाचा आकडा एकदा टाकला की संपले. भाच्याने बघता बघता अर्धे गाणे बसवले आणि डाव्या हाताला लगडही ठेवली.

मग मी आईकडे बोट दाखवले. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, नुकतीच होऊन गेली होती. आईचे माहेर पारोळ्याकडचे. आखाजीला माहेरी आलेल्या मुली झोक्यावर बसून गौराईची गाणी म्हणतात, ती तिला अजून येतात. थोडे आढेवेढे घेऊन ती उठून बसली, जमिनीला पाय लावून झोपाळा हलवला आणि गाऊ लागली. भाच्याने मोबाईलवर मुद्रण केले, लॅपटॉपमध्ये घातले आणि ठोका शोधण्यासाठी कळ दाबत बसला. पडद्यावरचा आकडा ८४ झाला, मग ७१ झाला, मग एकदम ९०. तो पुन्हा पहिल्यापासून ऐकू लागला. इंजिनिअरिंगचा विद्यार्थी असल्याने त्याने मला गंभीरपणे सांगितले, की झोका म्हणजे लंबक, तो मोठा जावो की लहान, एका हेलकाव्याचा वेळ बहुतेक तोच राहतो, तेव्हा गाण्याचा वेगही एकच असायला हवा. नियम बरोबर आहे. पण आई मध्येच पाय टेकवते, पुढची ओळ आठवेपर्यंत झोपाळा तसाच धरून ठेवते, आठवली की दुप्पट जोराने ढकलते, आणि भावाचे नाव घ्यायची जागा आली की उगाच रेंगाळते. अशा गाण्याला प्रत्येक ओळीपाशी नवा वेग लिहून द्यावा लागतो. जुन्या, माणसांनी एकत्र बसून वाजवलेल्या गाण्यांना तो तसा द्यावाच लागतो, असे भाचा म्हणाला आणि चहा होईपर्यंत नेटाने देत राहिला.

मग कलाकाराच्या नावाची चौकट आली. त्याने आजीचे नाव लिहायला घेतले तर आई उखडली. "मन्हं नाव कसाले लिखस? गानं का मन्हं शे?" मग कोणाचे? तिने सांगायला सुरुवात केली. पहिल्या दोन ओळी सगळ्याच गावांत म्हणतात. तिसरी ओळ, जीत दारुड्या नवऱ्याला दोन शब्द सुनावले आहेत, ती तिच्या फुईने, म्हणजे आत्याने, जोडलेली, आणि फुईचा नवरा ओट्यावर बसलेला असताना ती मुद्दाम मोठ्याने म्हटली जाई. चौथी शेजारच्या शिंप्याच्या मुलीची, ती पुढच्या वर्षी आखाजीला आलीच नाही. मधले नुसते "गं बाई" मात्र स्वतः आईचे. भाचा कळांवर बोटे ठेवून बसला होता. "आत्या, दोन शब्दांत सांग ना, सेव्ह करायचं आहे." "पारंपरिक" लिही, असे मी म्हटले. पारंपरिक म्हणजे काय, असे आईने विचारले, आणि मी समजावून दिल्यावर तिला ते पटले नाही. फुईचे नाव ठाऊक असताना ते का लिहायचे नाही, असे तिचे म्हणणे.

शेवटी भाच्याने तूर्तास म्हणून इंग्रजी अक्षरांत "आजी" लिहिले, त्यातही सुरुवातीला दोनदा "ए". त्यामुळे यादी कलाकाराप्रमाणे लावली की आईचे गाणे सगळ्या जपानी वादकांच्या वर, पहिल्या पट्टीवर येते. हे सांगितल्यावर ती खूश होईल असे आम्हाला वाटले होते. तिने तारे किती पडले ते विचारले. एक पूर्णांक काहीतरी होते. कमी तारे म्हणजे सोपे गाणे, असे भाच्याने सांगताच ती पुन्हा आडवी झाली आणि म्हणाली, "झोकावर बशीसन म्हनी दखाड, मंग सांग सोपं शे का ते."