साल्व्हादोरचा कार्निव्हल: दोरीच्या आत पैसे घालू नका, कुरुझुच्या चढावर जा

आधी पैशांचं सांगते, कारण तो राग अजून गेलेला नाही. ब्राझीलमधल्या साल्व्हादोर शहरात कार्निव्हलला जायच्या तीन महिने आधी आम्ही दोघींनी एका विक्रेत्याकडून 'आबादा' घेतले. आबादा म्हणजे मिरवणुकीतल्या त्या-त्या गटाचा छापील टीशर्ट. तो अंगात असला की त्या गटाच्या दोरीच्या आत चालता येतं. माणशी ९०० रिआल, म्हणजे चौदा हजार रुपयांच्या आसपास. 'खरा आफ्रिकी कार्निव्हल, सुरक्षित, दोरीच्या आतून' असं आम्हाला सांगण्यात आलं होतं. त्यात आफ्रिकी काही नव्हतं. शिवाय आबादा त्या एका दिवसापुरताच चालतो आणि आमच्या हातात आला तो भलत्याच दिवसाचा. तासभर हुज्जत घातल्यावर बदलून मिळाला.

आत गेलो तेव्हा सगळा प्रकार दिसला. मधोमध तीन मजली घराएवढा ट्रक, त्यावर गायक आणि भिंतीसारखे स्पीकर. याला 'त्रिओ एलेत्रिको' म्हणतात. १९५० साली दोदो आणि ओझमार या दोघांनी एका जुन्या फोर्ड गाडीवर वाद्यं चढवून रस्त्यावर वाजवत फिरायला सुरुवात केली, त्याचं हे आजचं रूप. ट्रकभोवती शेकडो मीटर लांबीची दोरी. दोरीच्या आत आबादा घातलेली माणसं, बहुतेक गोरी, बहुतेक बाहेरगावची. आणि ती दोरी हातात धरून, सहा-सहा तास गर्दीचा रेटा पाठीवर घेत चालणारी माणसं जवळपास सगळी काळी. त्यांना 'कोर्देइरो' म्हणतात. दिवसाची किरकोळ मजुरी, हातमोजे, कानात घालायचे बोळे, पाणी आणि बिस्किटं. माझ्या शेजारी दोरी धरून चालणारी बाई माझ्या आईच्या वयाची होती. मी ९०० रिआल देऊन नाचत होते आणि ती मला इतरांपासून वाचवत होती. अर्ध्या वाटेतच मी दोरीखालून बाहेर पडले. माझा सल्ला स्पष्ट आहे: आबादा घेऊ नका. दोरीबाहेरच्या गर्दीला तिथे 'पिपोका' म्हणतात, म्हणजे लाह्या. तिथे एक रिआलही लागत नाही.

मी पुण्यात एका पथकात ताशा वाजवते आणि माझ्याबरोबरची मैत्रीण त्याच पथकात ध्वज नाचवते. आम्ही तिथे गेलो होतो ते ढोल ऐकायला. ते ढोल कुठे सापडतात हे आम्हाला तिसऱ्या दिवशी कळलं, तेही घरमालकीणबाईंनी सांगितलं म्हणून. तुमचे दोन दिवस वाया जाऊ नयेत यासाठी हे लिहिते आहे.

शनिवारी रात्री लिबेरदादे भागातल्या कुरुझुला जा. दुसरं काही जमलं नाही तरी चालेल, पण हे चुकवू नका. १९७४ साली याच वस्तीत 'इले आय्ये' हा गट सुरू झाला आणि १९७५ च्या कार्निव्हलमध्ये पहिल्यांदा रस्त्यावर उतरला. तेव्हा ब्राझीलमध्ये लष्कराची सत्ता होती. साल्व्हादोरमध्ये बहुसंख्य लोक आफ्रिकी वंशाचे, पण कार्निव्हलच्या बड्या गटांत त्यांना प्रवेश नसे. मग कुरुझुच्या तरुणांनी फक्त काळ्या लोकांचा गट काढला. गाणी आफ्रिकेची, केस आफ्रिकी पद्धतीचे, कपड्यांवर आफ्रिकी नक्षी. वर्तमानपत्रात त्यांच्यावरच वंशवादाचा आरोप झाला. ज्या शहराच्या जुन्या भागाचं नाव पेलोरिन्यो, म्हणजे गुलामांना फटके मारायचा खांब, आणि ज्या देशात गुलामगिरी १८८८ मध्ये, अमेरिका खंडात सगळ्यात शेवटी संपली, तिथे हा आरोप झाला. आज गटाच्या मुख्य इमारतीच्या नावातच 'सेन्झाला' हा शब्द आहे. सेन्झाला म्हणजे गुलामांची खोपटी. त्यांनी तो शब्द लपवला नाही, दारावर लावला.

आम्ही सातला पोहोचलो. निघणं रात्री नऊ-दहानंतर. आधी दाराशी विधी होतो. गटाची पाळंमुळं मांय इल्दा यांच्या कांदोंब्लेच्या, म्हणजे आफ्रिकी मुळांच्या ब्राझिली धर्माच्या, देवघरात आहेत. गट सुरू करणाऱ्या व्होव्होंच्या त्या आई. त्या २००९ मध्ये गेल्या, पण विधी घराण्यानं चालू ठेवला आहे. बाहिया या साल्व्हादोरच्या राज्यात १९७६ पर्यंत कांदोंब्लेच्या देवस्थानांना पोलिसांकडे नोंद करावी लागे, हे लक्षात ठेवून तो विधी बघा. दारातून लाह्या आणि शिजवलेला पांढरा मका लोकांवर उधळतात. लाह्या रोगराईच्या देवाच्या, ओमोलूच्या. मग पांढरी कबुतरं सोडतात. माझ्या केसांत लाह्या अडकल्या होत्या, त्या मी रात्रभर काढल्या नाहीत.

आणि मग ढोल सुरू झाले. गणपतीच्या दिवसांत लक्ष्मी रोडवर शंभर ढोल एकदम पडले की जे होतं, ते मला लहानपणापासून माहीत आहे. हे वेगळं होतं. आपल्याकडे सगळे ढोल एकच ठोका मारतात आणि ताशा त्यावर फिरतो. इथे खर्जातले मोठे ढोल, म्हणजे सुर्दो, एकमेकांना सवाल-जबाब करतात, मधल्या आकाराचे सुर्दो दोन्ही हातांतल्या काठ्यांनी त्या दोघांमधली जागा भरतात, आणि वर छोटं 'रेपिक' दोन लांब, लवचीक काड्यांनी वाजतं. ताशाच्याच काड्या! हाताची पकडसुद्धा तीच. मी रडले. मैत्रीण म्हणाली, "अगं, मनगट बघ त्याचं, मनगट!"

आता त्या चढाबद्दल. इथे नीट वाचा. मिरवणूक कुरुझुच्या चढावरून वर सरकते. रस्ता अरुंद, दोन्हीकडे घरं, मध्ये ट्रक, वाजवणारे, नाचणारे, त्यांच्याभोवती दोरी. मधल्या भागात दोरी आणि भिंत यांच्यात हातभर जागा उरते आणि त्या हातभर जागेत शेकडो माणसं. आम्ही नेमक्या तिथे सापडलो. पायाखाली बिअरचे चेपलेले डबे, रस्ता ओला, मागून रेटा. पाय माझे असूनही मी चालत नव्हते, गर्दी मला नेत होती. एका खांबाशी माझी बरगडी इतकी दाबली गेली की पुढचे चार दिवस खोकताना दुखत होती. मैत्रिणीचा हात सुटला आणि पंचवीस मिनिटं ती मला दिसली नाही. विसर्जन मिरवणुकीची सवय आहे, आपल्याला काय होणार, असं मनात आणू नका. विसर्जनाच्या गर्दीत बाजूच्या गल्लीत शिरता येतं, इथे सुटायला गल्ली नव्हती. म्हणून: चढाच्या मधल्या भागात उभं राहू नका. विधी बघायचा असेल तर दाराजवळ लवकर जागा धरा आणि मिरवणूक हलली की तिच्या मागून चाला, पुढून किंवा बाजूनं नाही. नाहीतर एखाद्या घराच्या पायरीवर उभं राहू देतात का ते विचारा. आम्हाला शेवटी एका आजींनी हाताला धरून आपल्या पायरीवर ओढून घेतलं, पाणी दिलं. बूट बंद आणि घट्टच हवेत. रोजचा फोन घरी ठेवा, पैसे कपड्यांच्या आत. भेटायची जागा आधीच ठरवा.

परतीच्या टॅक्सीनं आम्हाला दुसऱ्यांदा लुबाडलं. रात्री एकला चढाच्या तोंडाशी उभ्या असलेल्या चालकानं पेलोरिन्योपर्यंतचे १५० रिआल मागितले, आम्ही थकलेल्या होतो म्हणून दिले. दुसऱ्या दिवशी दिवसा तेच अंतर आम्ही २० रिआलमध्ये गेलो. गर्दीबरोबर मुख्य रस्त्यापर्यंत चाला, तिथून ॲपवर गाडी बोलवा, आणि तेव्हाच फोन हवा म्हणून दोघींत एक जुना फोन जवळ ठेवा. मीटर किंवा ठरलेला आकडा यांशिवाय गाडीत बसू नका.

इले आय्ये तिथून कांपो ग्रांदेच्या मुख्य मार्गावर जातं आणि तिथे पोहोचेपर्यंत मध्यरात्र उलटून जाते. काळ्या गटांची ही जुनी तक्रार आहे: मोक्याच्या वेळा, म्हणजे टीव्हीच्या वेळा, मोठ्या त्रिओंना मिळतात. तुम्ही त्यांच्यासाठी जागा. दुपारी झोपा.

रविवारी 'फिल्यूस जी गांधी', म्हणजे गांधींचे पुत्र. १९४९ च्या फेब्रुवारीत, गांधीजींच्या हत्येला वर्ष होऊन गेलं तेव्हा, साल्व्हादोर बंदरातल्या हमालांनी हा गट काढला. आज हजारो पुरुष पांढऱ्या झग्यात, डोक्याला पांढऱ्या टॉवेलचा फेटा, गळ्यात पांढऱ्या-निळ्या मण्यांच्या माळा घालून पेलोरिन्योतून निघतात. हवेत लव्हेंडरच्या पाण्याचा वास. आगोगोची दुहेरी घंटी आणि इजेशा नावाचा संथ ताल, तो कांदोंब्लेच्या देवघरातून थेट रस्त्यावर आलेला. निघण्याआधी एशु या देवाला नैवेद्य. आपल्या देशातलं एक नाव समुद्रापार एका बंदरात हमालांच्या देवघराशी जोडलं गेलं, हे बघून माझ्या अंगावर काटा आला. माझा भारतीय पासपोर्ट बघून एका वयस्कर सदस्यानं माझ्या गळ्यात स्वतःची माळ घातली, नमस्कार केला आणि पुढे गेला.

पण सगळे तसे नसतात, आणि बायकांनी हे वाचायलाच हवं. माळ देऊन त्या बदल्यात चुंबन मागायची तिथे प्रथा आहे. दोन तासांत माझ्याकडे अकरा जण आले, त्यांतल्या तिघांनी विचारलंही नाही, सरळ मान धरली. गांधींचं नाव कपाळावर बांधून हे करणं मला सहन झालं नाही आणि मी तसं मोठ्यानं मराठीत सांगितलं. २०१८ पासून ब्राझीलमध्ये संमतीशिवाय असं वागणं हा गुन्हा आहे. "नांव" (नाही) मोठ्यानं म्हणा, हात छातीपुढे ठेवा, आणि हेल्मेटवाल्या पोलिसांची एकेरी रांग गर्दी चिरत जाते तिच्याजवळ सरका. त्या रांगेच्या वाटेत मात्र उभ्या राहू नका, ते थांबत नाहीत.

बायकांनी वाजवलेलं ऐकायचं असेल तर पेलोरिन्योत 'दिदा' शोधा. नेगिन्यो दो सांबा हे त्यांचे गुरू होते. त्यांनी १९८० च्या दशकात ओलोदुम या ढोलांच्या गटात सांबा आणि रेगे एकत्र करून नवा ताल घडवला, आणि १९९३ मध्ये फक्त बायकांचं दिदा पथक उभं केलं. ओलोदुमचे ढोल जगानं पॉल सायमन आणि मायकल जॅक्सन या अमेरिकी गायकांबरोबर ऐकले, पण पेलोरिन्योच्या दगडी उतारावर दिदाच्या मुली सुर्दो कमरेला बांधून गिरकी घेतात, ते मला जास्त आवडलं. तिथेच मी तासभर रेपिकची शिकवणी घेतली, ८० रिआल, पूर्ण वसूल. माझी ताशावरची तर्री, म्हणजे काड्यांची भरभर फिरत, त्यांना आवडली. त्यांचा आघात मात्र मला दोन दिवस सापडला नाही. आपण समेवर वजन देतो, ते समेच्या आधीच झुकतात. वाजवणाऱ्यांनी शिकवणी कार्निव्हलच्या आधीच्या आठवड्यात घ्या, नंतर हात उचलत नाहीत.

बाकीचं थोडक्यात. 'र'नं सुरू होणारा शब्द तिथे 'ह' होतो: रेपिक मागितलंत तर कोणी ओळखणार नाही, 'हेपीकी' म्हणा. मधला दुहेरी 'र'सुद्धा: समुद्रकाठच्या 'बार्रा' भागाला 'बाहा' म्हणतात. शब्द अडले तरी साबण, चावी, पाव, बटाटा यांवरून बरंच निभावतं, पोर्तुगीजांनी ते दोन्हीकडे पेरले आहेत. आकाराजे खा: चवळी भिजवून, सोलून, कांद्याबरोबर वाटून देंदे नावाच्या लाल पामतेलात तळलेला, आपल्या वड्याचा थोरला भाऊ. विकणारी बाई 'केंची?' विचारेल. गरम हवं का, असा त्याचा अर्थ नाही, तिखट घालू का, असा आहे. शाकाहारी असाल तर आतलं सारण नको म्हणा, वातापा आणि कारुरू दोन्हींत सुकी कोळंबी असते. फेरीवाले पैसे फोनवरून मागतात, ती सोय परदेशी माणसाला सहसा चालत नाही, म्हणून दहा-वीसच्या नोटा ठेवा. मार्गांवर शिरताना झडती होते, काचेची बाटली नेऊ नका.

कार्निव्हलनंतर चार दिवस आम्ही इतापारिका बेटावर होतो. छान होतं.

आणि पिवळ्या तापाची लस. ही व्हिसाच्याही आधीची गोष्ट. ब्राझील सोडून सहा दिवसांच्या आत भारतात उतरणाऱ्याकडे लसीचं प्रमाणपत्र लागतं, नसेल तर विलगीकरणात ठेवतात. लस सरकारमान्य केंद्रातच मिळते, तिथे वेळ आगाऊ घ्यावी लागते, आणि प्रमाणपत्र टोचून घेतल्यानंतर दहा दिवसांनी लागू होतं. मुंबईला उतरलो तेव्हा आमच्या पुढच्या जोडप्याकडे ते नव्हतं, त्यांना बाजूला घेतलं. प्रमाणपत्राचं ते पिवळं पुस्तक पासपोर्टच्या आतच ठेवा, मोठ्या बॅगेत नाही.