सोळा अक्षरांत न्याय

दयेवर कविता लिहिणं मला कधी जड गेलं नाही. न्यायावर लिहायला बसले की मात्र दुसऱ्याच ओळीत घोषणा तयार व्हायची. मोर्च्यात ती शोभली असती, कवितेत नुसती ओरडायची. हे मला फार लागायचं, कारण दोन्हींपैकी न्यायाची गरज मला जास्त वाटते. शेवटी मी स्वतःलाच आव्हान घातलं: एक छोटी कविता दयेवर, पुढची न्यायावर, आणि कुठलीच कविता पंचवीस अक्षरांपुढे जाणार नाही.

नियमही कडक ठेवले. दया, न्याय, माणुसकी, हक्क हे शब्द कवितेत येता कामा नयेत. तराजू, डोळ्यांवरची पट्टी, पणती आणि ओंजळ यांनाही बंदी. या प्रतिमा वाचक वाचतच नाही, ओळखतो आणि पुढे सरकतो. शिवाय प्रत्येक कवितेत कुणीतरी काहीतरी करताना दिसलं पाहिजे.

साचे तीन निवडले. पहिला ५-७-५ अक्षरांचा हायकू, जो शिरीष पै यांनी मराठीत रुजवला. (जपानीत मोजतात ते ध्वनी आणि आपली अक्षरं तंतोतंत जुळत नाहीत, पण मला बंधन हवंच होतं.) दुसरा छोटा अभंग, आठ-आठ अक्षरांचे दोन यमकबद्ध चरण. तिसरा मोठा अभंग: सहा, सहा, सहा आणि शेवटी चार, यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणाचं. या छंदांत लघुगुरू पाहावे लागत नाहीत, जोडाक्षर एकच धरतात. त्यामुळे बोटांवर मोजत चालता चालताही लिहिता येतं.

दयेच्या कविता भराभर आल्या. त्यातली ही मला अजून आवडते:

झोपलं पोर
ऊन झेलत उभा
कुणी परका

न्यायाची पाळी आली की गाडी अडायची. त्याचं कारण मला हळूहळू उमगलं. दयेला एक क्षण पुरतो. न्यायाला आधीची गोष्ट लागते: कुणाचं काय होतं, कुणी घेतलं, किती दिवस. एवढं सगळं सतरा अक्षरांत बसवायचं कुठे?

वाट दाखवली ती चोखोबांनी. चौदाव्या शतकातला हा कवी. ज्याला देवळाच्या आत पाऊल टाकू दिलं नाही, तो 'ऊस डोंगा परी रस नोहे डोंगा' म्हणतो आणि लगेच विचारतो, 'काय भुललासी वरलिया रंगा'. अन्यायाची हकिगत तो सांगतच नाही. एक वाकडा ऊस पुढे ठेवतो आणि प्रश्न टाकतो. उत्तर ऐकणाऱ्याला द्यावं लागतं. शिवाय बोलतो तो स्वतः, ज्याचं येणं बाकी आहे तो. माझ्या कवितांत तोवर बोलणारी मीच होते, बाजूला उभी राहून. मग मी बोलणारा बदलला. मजुरी थकलेल्या माणसाच्या तोंडी मोठा अभंग आला:

तुझ्या दाराशी मी
मागाया न आलो
मोजाया बसलो
माझे तास

शेवटची चार अक्षरं आधी 'माझे पैसे' अशी होती. पैसे म्हटलं की मागणं वाटतं. तास कुणी नाकारू शकत नाही, ते होऊन गेलेले असतात.

त्यानंतर मी वाटणीकडे वळले. दोघांत एक वस्तू वाटायची तर एकानं कापावी आणि दुसऱ्यानं आधी उचलावी, ही युक्ती लहान मुलांनाही ठाऊक असते. पोलिश गणितज्ञ ह्यूगो स्टाइनहाउस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४०च्या दशकात दोनाहून अधिक माणसांसाठी अशा वाटणीचं गणित मांडलं. मला त्यातली एक गोष्ट विलक्षण वाटते: कापणारा सज्जन असण्याची अटच नाही. तो लोभी असला तरी सुरी मध्यावरच चालते. नियमच तसा आहे. सोळा अक्षरं आली:

सुरी ज्याच्या असे हाती
त्याचा वाटा सर्वां अंती

आव्हानातली सगळ्यात अवघड जोडी मी शेवटी घेतली: एकच प्रसंग, एकदा दया म्हणून आणि एकदा न्याय म्हणून. प्रसंग चाकांच्या खुर्चीचा.

चार हातांनी
खुर्ची वर चढली
पायऱ्या त्याच

शेवटच्या पाच अक्षरांत न्यायाचा प्रश्न आपोआप उभा राहिला, म्हणून मी खूश होते. चाकांची खुर्ची वापरणाऱ्या मैत्रिणीला कविता वाचून दाखवली. ती म्हणाली, "पायऱ्यांचं बरोबर आहे गं. पण उचलण्याआधी मला कुणी विचारलं का?" मी तिथेच पहिली ओळ बदलली:

न विचारता
खुर्ची वर चढली
पायऱ्या त्याच

आता ती दयेची कविता उरली का? मैत्रीण म्हणते, नाही. मला वाटतं, उरली. उचलणाऱ्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. यावर आम्ही बराच वेळ वाद घातला. ती मागे हटली नाही आणि मीही नाही.

जोडीतली दुसरी कविता उताराची. इथे माझाच नियम आडवा आला. उतार बांधलेला असला की कुणी कुणासाठी काही करत नाही, दाखवण्याजोगी कृतीच राहत नाही. मैत्रिणीला विचारलं, उतारावरून जाताना तुला काय वाटतं? "काहीच नाही," ती म्हणाली, "आपण गप्पा मारत असतो ना." तेच लिहिलं:

बोलत गेलो
वर कधी पोचलो
कळलं नाही

ही कविता सुटी वाचली तर कुणाला काही लागणार नाही, पायऱ्यांची कविता शेजारी हवीच. म्हणून वहीत दोन्ही समोरासमोरच्या पानांवर उतरवल्या आहेत, आणि 'चार हातांनी' ही जुनी ओळ पायऱ्यांच्या पानावर खाली बारीक अक्षरात ठेवली आहे. मैत्रिणीला ती खोडून हवी आहे. मी अजून खोडलेली नाही.