मारुती पुलावरून चालला

रविवार, रात्र

भाची निबंधाची वही घेऊन आली. विषय, पावसाळ्यातलं नाशिक. एका वाक्याखाली लाल रेघ, शेरा काही नाही: ‘वॉकिंग ओव्हर द ब्रिज, दुतोंड्या मारुती लुक्ड हाफ ड्राउन्ड.’

“मावशी, स्पेलिंग तर सगळी बरोबर आहेत!”

“पुलावरून कोण चाललं होतं?”

“मी.”

“मग वाक्यात तू कुठे आहेस?”

शोधून पाहिलं, सापडली नाही. गोदावरीच्या पुराचं माप म्हणून अख्खं गाव ज्या मूर्तीकडे बघतं, तो मारुतीच इंग्रजीच्या हिशेबाने पुलावर फेरफटका मारत होता! मग तिने शब्द फिरवले: ‘आय सॉ दुतोंड्या मारुती वॉकिंग ओव्हर द ब्रिज.’ मारुती पुन्हा चालायला लागला. आम्ही दोघी हसून बेजार.

शाळेत आयएनजी फॉर्म, थर्ड फॉर्म, हॅविंग लावून थर्ड फॉर्म, एवढं घोकून घेतात. रूपं येतातही. पण पार्टिसिपलला, म्हणजे क्रियापदाच्या या रूपांना, स्वतःचा कर्ता नसतो. वाक्याच्या सुरुवातीला आलं तर ते मुख्य वाक्याचा कर्ता उसना घेतं, शेवटी आलं तर बऱ्याचदा जवळच्या नामाला चिकटतं. माझ्या मते शिकवायचं ते हेच, बाकी तक्ता पाठ करून होतो. शेवटी तिने सरळ ‘अ‍ॅज आय वॉक्ड’ लिहून पार्टिसिपललाच रजा दिली. शहाणी पोर.

तिचा गोंधळ मला मराठीतून आलेला वाटतो. ‘पुलावरून जाताना मारुती अर्धा बुडालेला दिसला’ असं म्हटलं तर मारुती चालत होता असं कुणाच्या मनातही येत नाही. ‘जाताना’ला कर्त्याची फारशी पर्वा नाही. ‘जाऊन’ मात्र एवढं सैल नाही. ‘मी घरी जाऊन तो जेवला’ हे कुणालाही खटकेल.

निघता निघता ती म्हणाली, “सरांनीच फळ्यावर लिहिलं होतं, ‘कन्सिडरिंग द रेन, द स्कूल क्लोज्ड अर्ली.’ शाळा विचार करते का?” तिला म्हटलं, कन्सिडरिंग, रिगार्डिंग असे काही शब्द वापरून वापरून शब्दयोगी अव्ययांसारखे झालेत, त्यांना कर्ता कुणी विचारत नाही. तिला पटलं नाही. मराठीतलं ‘म्हणून’ही मुळात ‘बोलून’ अशा अर्थाचं, पण ‘पाऊस होता म्हणून शाळा लवकर सुटली’, यात तरी कोण काय म्हणालं? हे सुचेपर्यंत ती घरी पोचलीसुद्धा.